शेठ, तुमचा माल मोझरीला पोचला

शेठ,

तुमचं नाव कोणी घेत नाही. पानठेलेवाल्याला विचारलं तर तो मान खाली घालून खर्रा घोटत राहतो. पण तुम्ही सुगंधित तंबाखूचे ठोक व्यापारी, तुमचा माल आम्ही वासावरून ओळखतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, भजनातून लोकांना व्यसनापासून दूर राहायला सांगितलं. आजही पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अवघं मोझरी स्तब्ध उभं राहतं. त्या गर्दीतही कोणाच्या तरी गालात तुमचा खर्रा असतो. हे आम्हाला फार लागतं. तुम्हाला लागत नाही, म्हणून तर तुमची गाडी दर आठवड्याला येते.

राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीही त्या बंदीत आली. मग माल येतो कुठून? सीमेपलीकडून, रात्री, ताडपत्रीखालून. धाड पडली की ठेलेवाला सापडतो. दंड त्याला, पोलीस ठाण्याच्या चकरा त्याला, आणि नफा तुम्हाला. ज्याच्या घरची चूल त्या ठेल्यावर पेटते त्याला पुढं करून मागं लपायचं, याला आमच्याकडं धंदा म्हणत नाहीत.

तुम्ही म्हणाल, लोक मागतात म्हणून आम्ही देतो. लोक का मागतात, ते तरी कधी शिवारात येऊन पाहिलंत का? सोयाबीन सवंगायला पहाटे निघालेला मजूर दुपारपर्यंत भाकरीऐवजी खर्र्यावर काढतो, कारण त्यानं भूक मरते. बाप पोराच्या हातात पैसे देऊन पुडी आणायला धाडतो. दोन वर्षांनी तेच पोट्टं आपल्या पैशानं आणतं. बेकार तरुणांना बसायला ठेल्याचं बाकडं सोडून जागा नाही. हा थकवा, ही भूक, हा रिकामा वेळ, यांवर तुमची गोदामं भरली आहेत.

आणि खर्र्याच्या पुडीत देता काय? कातरलेली सुपारी, तुमची तंबाखू, वर चुना. चुन्यामुळं निकोटिन झपाट्यानं रक्तात उतरतं, नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि तासाभरात पुन्हा तलफ येते. सुपारी निरुपद्रवी, असं सांगणाऱ्यांनाही ऐकवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच नुसत्या सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे.

आमच्या आळीतल्या एका तरुणाचं सांगतो. आधी त्याला ठेचा सोसेना. मग गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ झाली. दातांच्या डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, एकच गेलं. आता त्याची आई भाकर दुधात कुस्करून चमच्यानं भरवते. तो पंचविशीचा आहे. खर्रा त्यानं सोडला, पण तोंड काही पूर्ववत उघडलं नाही. या आजारात ते बहुधा उघडतही नाही, आणि पुढं कर्करोगाची भीती कायम राहते.

असे रुग्ण आमच्या भागातून नागपूरला जातात. तिथल्या कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजींचंच नाव आहे. ज्या गावात महाराजांनी माणसं घडवली तिथली पोरं त्यांच्या नावाच्या दवाखान्यात जबडा कापून घ्यायला जावीत, हे तुमचं कर्तृत्व. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खात होते. यातली माणसं तुमच्या वहीत फक्त गिऱ्हाईक म्हणून आहेत. एकदा त्या रुग्णालयाच्या बाकावर बसा. नळीतून पेज घेणाऱ्याशेजारी बसा, त्याच्या बायकोनं काय गहाण टाकलं ते विचारा.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या अभियानात गावांनी दारू आणि तंबाखू मिळून हटवायला घेतली. आम्हालाही ते जमेल. येत्या ग्रामसभेत शाळेच्या कुंपणापासून १०० यार्ड मोजून आतले ठेले उठवायचा ठराव मांडतो आहोत. एवढ्या अंतरात तंबाखू विकायला बंदी घालणारा कायदा २००३ चा आहे, अंमल आम्ही मागणार. ठेलेवाल्यांना चहा-नाश्त्याची गाडी टाकायला बचत गटाचं कर्ज मिळावं, हेही त्याच ठरावात आहे. आणि लहान मुलाला तंबाखू विकली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे ठेल्यांवर लिहून लावणार आहोत.

ठेलेवाला आता आमच्याशी बोलू लागला आहे, शेठ. गाडी कधी येते, माल कुठं उतरतो, हे तो लेखी द्यायला तयार आहे.

एक गुरुदेव सेवक,
मोझरी