मेफ्लॉवरच्या वंशजांचे तीर्थाटन

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेला सुमारे साठ किलोमीटरवर वसलेल्या प्लिमथ या बंदराच्या गावी बहुतेक प्रवासी समुद्र पाहण्यासाठी येतात, तर काही प्रवासी पूर्वज पाहण्यासाठी येतात. 1620 साली इंग्लंडहून ‘मेफ्लॉवर’ जहाजाने आलेल्या 102 जणांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यातच दगावले. उरलेल्यांनी मात्र असा वंशविस्तार केला की त्यांचे वंशज आज लाखोंनी मोजावे लागतात. त्यांपैकी जे मूळ पुरुषाचा माग काढत येथवर पोहोचतात, ते बगलेतल्या फुगलेल्या फायलीवरून आणि भेटेल त्याला आजीचे माहेरचे आडनाव सांगण्याच्या उत्साहावरून सहज ओळखू येतात.

यात्रेचा पहिला टप्पा म्हणजे ‘प्लिमथ रॉक’, अर्थात वसाहतकारांनी ज्यावर पाऊल ठेवले असे मानले जाते तो खडक. खांबांच्या भव्य मंडपात कठड्यावरून वाकून पाहिल्यावर दिसणारा हा दगड एवढा लहान आहे की अनेक जण उरलेला कुठे ठेवला आहे, याची चौकशी करतात. आणि ती अगदीच गैरलागू नाही, कारण 1774 साली हलवताना तो दुभंगला, 1834 साली मिरवणुकीत गाडीवरून पडून फुटला आणि 1880 साली सिमेंटने सांधल्यावर त्यावर 1620 हा आकडा कोरण्यात आला. वसाहतकारांच्या स्वतःच्या लिखाणात या खडकाचा उल्लेखच नाही. 1741 साली तेथे धक्का बांधण्याचे ठरले, तेव्हा टॉमस फॉन्स या 94 वर्षांच्या वृद्धाने खुर्चीतून येऊन वडिलांकडून ऐकलेल्या हकिकतीच्या आधारे साक्ष दिली आणि ती मान्य झाली.

दगडाला मिळालेली ही सवलत वंशजाला मिळत नाही. 1897 साली स्थापन झालेल्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेचे सदस्यत्व हवे असल्यास अर्जदाराला स्वतःपासून मूळ पुरुषापर्यंतची प्रत्येक पिढी पुराव्यानिशी जोडावी लागते. पहिल्या पाच-सहा पिढ्यांची जुळणी ‘सिल्व्हर बुक्स’ या, वेष्टनाच्या रुपेरी रंगावरून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथमालेत सापडते. पुढच्या पिढ्यांसाठी जन्म, विवाह व मृत्यूचे दाखले धुंडाळावे लागतात. त्यातच 1752 पर्यंत इंग्रजी अमलाखालील प्रदेशांत कायदेशीर नववर्ष 25 मार्चला सुरू होत असल्याने एप्रिल 1650 मध्ये विवाह झालेल्या दांपत्याला फेब्रुवारी 1650 मध्ये अपत्य झाल्याची नोंद आढळू शकते. हे अपत्य वास्तविक दहा महिन्यांनंतरचे आणि सर्वस्वी सन्मान्य असते. परंतु एवढा उलगडा होईपर्यंत ग्रंथालयात बसलेल्या वंशजाला घराण्याच्या अब्रूची काळजी वाहावी लागते.

अब्रूचा प्रश्न पुढे आपोआप सुटतो. मेफ्लॉवरवरून आलेल्या जॉन बिलिंग्टन याला 1630 साली खुनाबद्दल फाशी झाली, तरी त्याच्या वंशात राष्ट्राध्यक्ष गारफील्ड जन्मले. जॉन हाउलंड हा प्रवासातच वादळात समुद्रात पडला, दोराला धरून कसाबसा वाचला आणि कालांतराने बुश घराण्यातील दोन राष्ट्राध्यक्षांचा पूर्वज ठरला. सुमारे चारशे वर्षे उलटल्यावर गुन्हा आणि अपघात या दोहोंचे रूपांतर कुळाच्या भूषणात होते, हा वंशशास्त्राचा अलिखित नियम येथे सिद्ध होतो.

शेजारच्या डक्सबरीत पिंपे बनवणारा जॉन ऑल्डन आणि प्रिसिला मलिन्स यांच्या वंशजांनी घराण्याचे जुने घर जतन केले आहे. वसाहतीतील कॅप्टन स्टँडिशच्या वतीने प्रिसिलाला मागणी घालायला गेलेला ऑल्डन स्वतःच नवरदेव झाला, ही कथा कवी लाँगफेलो यांनी 1858 साली लोकप्रिय केली. ते स्वतः ऑल्डनचेच वंशज असल्याने काव्यात पराभव कॅप्टनच्या वाट्याला आला, यात नवल नाही.

बारा पिढ्या मागे गेल्यास गणिताने प्रत्येक माणसाला 4096 पूर्वज निघतात आणि वंशशोधक त्यांतून जहाजात बसलेला एक उचलून उरलेल्या 4095 जणांना किनाऱ्यावरच ठेवतो. केवळ पुरुषांच्या वाटेने चालणाऱ्या आपल्याकडील बहुतेक कुलवृत्तांतांत ही गाळणी आणखी कडक असते. प्लिमथच्या संस्थेत निदान आईकडूनही दाखला चालतो. म्हणून मूळ पुरुषाच्या शोधार्थ निघणाऱ्या वाचकाने आधी आजीचे माहेर कोणते होते, एवढे घरीच विचारून घ्यावे. त्याला व्हिसा लागत नाही.