पावणेचार इंची नटसम्राट

१९७८ साली खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाची पावणेचार इंची माणसे बाजारात आणली आणि अभिनयकलेचा प्रश्न कायमचा सुटला. मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढेच काय ते सांधे. या नटांचे फोटो काढून चाहते विनोदी कथा रचतात. डार्थ व्हेडर सोफ्याखाली तलवार शोधतो. गुडघा वाकत नसल्याने सम्राटाला उभ्यानेच शरण जातो. मानधन मागत नाही, संवादही बदलून मागत नाही. हॉलिवूडने माणसे घेणे आता थांबवावेच.

तरी सर्वश्रेष्ठ कथा कंपनीचीच. १९७७च्या नाताळात बाहुल्या तयार नव्हत्या, म्हणून तिने पुठ्ठ्याचे पाकीट आणि ‘माल नंतर मिळेल’ अशा अर्थाचे प्रमाणपत्र विकले. पात्रे शून्य, आणि रसिकांनी रोख पैसे मोजले.