शेवटच्या गाडीच्या आत

सिनेमातल्या कॉलेजात घरी जायची घाई कुणालाच नसते. दिवेलागण झाली की कट्टा भरतो, गिटार निघते, आणि भांडणं, प्रेमं, मैत्रीच्या आणाभाका असं सगळं अंधार पडल्यावरच उरकलं जातं. २०१३ साली 'दुनियादारी' आला. तो पाहून आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "सर, सारं बराबर हाय, पन हे पोट्टे रात्री गावाले काह्यानं जात असन जी?"

मी मराठी शिकवतो. समीक्षेची पुस्तकं बरीच चाळली आहेत. पण कलाकृतीच्या मर्मावर इतकं नेमकं बोट ठेवणारा समीक्षक मला अजून भेटायचा आहे.

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीत कॉलेज चालतं ते गाडीच्या वेळेवर. तालुक्याच्या एका टोकाला कन्हानच्या कोळसा खाणी, दुसऱ्या टोकाला कोलितमाऱ्याचं जंगल. मधल्या साऱ्या गावांतून मुलं सकाळी येतात आणि दुपार कलली की पांगतात. जंगलाकडच्या मुलांना तर 'थोडं थांबा रे' म्हणायची सोय नाही. उशीर झाला की त्यांच्या रस्त्यावर पट्टेवाली मंडळी फिरायला निघतात. निम्मे प्राध्यापक नागपूरहून अपडाऊन करणारे, त्यामुळे शेवटच्या तासाला विद्यार्थ्यांइतकंच त्यांचंही लक्ष घड्याळाकडे. या एका बाबतीत आमच्याकडे गुरुशिष्यांत संपूर्ण एकमत आहे.

विद्यापीठ नागपूरला. ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालेलं, २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव लावणारं. आमच्या मुलांचा त्याच्याशी संबंध येतो तो परीक्षेपुरता: उन्हाळी परीक्षा आणि हिवाळी परीक्षा. दोन ऋतू विद्यापीठाने घेतले. पावसाळी परीक्षा आमच्याकडे बापाची असते. पदवी हातात आली तरी विद्यापीठाची इमारत न पाहिलेली मुलं माझ्या ओळखीची आहेत. त्यांचं काही अडलं नाही, विद्यापीठाचंही नाही.

आता एक तक्रारवजा माहिती. आमच्या नवेगाव खैरीच्या धरणाचं पाणी नागपूरला पिण्यासाठी जातं. म्हणजे तिकडच्या वसतिगृहातली मुलं आमच्या तालुक्याच्या पाण्याने आंघोळी करून रात्री अकराला चहा प्यायला बाहेर पडतात. पाणी बरोबर पोचतं. ते रात्रीचे अकरा मात्र इकडे कधी येत नाहीत.

मग आमची पोरं जगतात कुठे? बसस्टँडवर. तोच कट्टा, तेच कॅन्टीन आणि तीच अभ्यासिका. नोट्स तिथे वाटल्या जातात, वाढदिवसाचा केक तिथल्या बाकड्यावर कापला जातो आणि तोंडाला फासला जातो, वर्गातली भांडणं तिथे निकाली निघतात. मैत्रीसुद्धा मार्गानुसार. रामटेककडचा गट वेगळा, सावनेरकडचा वेगळा, कन्हानकडचा स्वतःला शहरी समजणारा. कुणाला प्रेम झालं हे ओळखायची खूण एकच: पोरगा घराच्या उलट दिशेच्या गाडीत बसलेला दिसतो. इथे एसटी महामंडळाचा नियम आडवा येतो. विद्यार्थी पासवर घसघशीत दोन तृतीयांश सवलत असते, पण पास चालतो फक्त आपल्या मार्गावर. प्रेमाला फुल तिकीट पडतं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर ती अर्ध्यात आणि हा पूर्ण भाड्यात, असा एकतर्फी खर्च सुरू आहे. सहा महिने जो मुलगा रोज फुल तिकीट काढतो, त्याच्या भावनेबद्दल कंडक्टरलाही शंका उरत नाही.

स्नेहसंमेलन, म्हणजे गॅदरिंग, आम्ही सकाळी सुरू करतो. नाही तर करणार कधी? फेब्रुवारीतलं विदर्भाचं ऊन, कापडी मांडव, आणि स्टेजवर चांदण्या रात्रीच्या गाण्यावर घामाघूम नाच. प्रकाशयोजना करणारा येतो, लाल-निळे दिवे लावतो. ते लागलेत की नाहीत हे जवळ जाऊन हात लावून पाहावं लागतं. एकदा नाटकात भुताचा प्रवेश होता. भूत दुपारी पाऊण वाजता आलं, समोर बसलेल्या त्याच्या आजीने त्याला नावाने हाक मारली, आणि त्यानेही "हौ, आलो" म्हणून उत्तर दिलं.

त्याआधीच्या आठवड्यात 'डे' असतात. ट्रॅडिशनल डेला मुलं धोतर नेसून येतात. ज्या बापाने जन्मभर धोतरावर नांगर हाकला, त्याच्यासमोर पोरगा सकाळी उभा राहतो आणि म्हणतो, "बाबा, हे कसं नेसते?" बाप नेसवून देतो. वर विचारतो, "आज काय हाय?" पोरगा सांगतो, "फॅन्सी ड्रेस."

गंमत म्हणजे खरे कलावंत याच गर्दीत लपलेले असतात. विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी नावं घेताना मी एका मुलाला विचारलं, काही येतं का? "नाही जी." छंद? "नाही जी." दिवाळीनंतर त्याच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, गेलो, तर हा पठ्ठ्या दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं सोंग घेऊन साऱ्या गावाला रात्रभर हसवत होता. मी खडसावलं, तर म्हणतो, "सर, ते तं आमच्या घरचंच हाय." त्याच्या मते कला म्हणजे नागपूरला जाऊन करायची ती.

विद्यार्थी परिषदेची कथा याहून रंजक. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या निवडणुका बंद केल्या आणि वर्गाचा प्रतिनिधी गुणवत्तेवर ठरू लागला. म्हणजे वर्षभर ज्याने मान वर केली नाही तो आपोआप नेता. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. २०१९ साली त्या होणार असं जाहीर झालं, तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली आणि पोरांची पुढे ढकलली गेली. मोठ्यांच्या पंगतीला लहानांनी थांबायचं, ही आपली रीतच आहे. तर त्या गुणवत्तेच्या काळात आमच्याकडे एक मुलगी प्रतिनिधी झाली. इतकी अबोल की हजेरीला 'येस सर' सुद्धा मानेने म्हणायची. त्या साली गॅदरिंगमधल्या फिशपॉन्डच्या, म्हणजे निनावी टोमण्यांच्या, चिठ्ठ्या तपासायचं काम माझ्याकडे होतं. एक चिठ्ठी निघाली: 'मराठीच्या सरांचा तास सुरू झाला की घंटेलाही डुलकी लागते.' अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखन निर्दोष. अख्ख्या कॉलेजात असा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणारं एकच माणूस होतं. चिठ्ठी मी बाजूला काढली आणि खिशात घातली. ती अजून माझ्याकडे आहे. मला लाभलेला तेवढाच एक शुद्ध अभिप्राय.

पण हे सारं झालं दिवसाउजेडीचं. आमच्या मुलांना रात्र मिळते ती रासेयोत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा हिशेब. त्यातला 'निवासी' हा शब्द वाचून आमच्याकडे नावनोंदणीला रांग लागते. गाडी पकडायची नाही असे सात दिवस! मुलींच्या वडिलांना समजवायला मात्र आम्हाला घरोघरी जावं लागतं. मॅडम बरोबर आहेत, शाळेची खोली पक्की आहे, दाराला कडी आहे, असं सगळं सांगून झाल्यावर बाप विचारतो, "जेवाले काय हाय?"

हाच खरा प्रश्न. रासेयोच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं, आठ आऱ्यांचं. आठही प्रहर सेवेला तयार, असा त्याचा अर्थ. आमच्या शिबिरात दोन प्रहर सेवा आणि सहा प्रहर स्वयंपाक चालतो. पहिल्या रात्री भाताचा गंज चुलीवर चढतो. लाकडं ओली, फुंकणी सापडत नाही, डोळ्यांतून पाणी. कुणी म्हणतो पाणी जास्त झालं, कुणी म्हणतो कमी, दोघेही आपापल्या मताप्रमाणे दुरुस्ती करतात. वांग्याच्या भाजीत तिखट तीन जणांनी वेगवेगळं टाकलेलं असतं, मीठ कुणीच नाही. शेवटी शेजारच्या घरची काकू कपाळावर हात मारत येते, पोरांना बाजूला सारते आणि पदर खोचते. दुसऱ्या दिवसापासून गाव आम्हाला दत्तक घेतं. कागदोपत्री मात्र आम्हीच गाव दत्तक घेतलेलं असतं.

श्रमदानात शोषखड्डा खणायचा. सरपंच नारळ फोडतात, फोटो निघतो, मग कुदळी चालतात. एका साली कंबरेएवढा खड्डा झाल्यावर खाली विटांचे तुकडे आणि गिट्टी लागली. पोरांना वाटलं, इतिहास सापडला. पारावरचे आजोबा शांतपणे म्हणाले, "खंदा, खंदा. मागच्या खेपेलेबी पोट्ट्यायनं इथंच खंदला होता."

दुपारी बौद्धिक. 'युवकांपुढील आव्हाने' हा विषय ठरलेला, आणि जेवणानंतर युवकांपुढे आव्हान एकच असतं. पाहुण्यांना ते दिसतं, तरी ते बोलतात.

रात्र मात्र सगळी जिवंत. गुरुदेव सेवा मंडळाची मंडळी खंजिरी घेऊन येतात, भजन रंगतं. ती पांगली की पोरांच्या गप्पा. दोन वर्षं एका बाकावर बसलेल्यांना एकमेकांच्या घरची परिस्थिती इथे पहिल्यांदा कळते, कारण एरवी ती सांगायच्या आत गाडी लागलेली असते. समारोपाच्या दिवशी सगळे ओक्साबोक्शी रडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर पुन्हा भेटणार असतात, हे माहीत असूनही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुम्ही लेखक असा, अधिकारी असा, आमदार असा, कधी तरी तालुक्याच्या कॉलेजातून प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं येईलच. जरूर या. शाल घ्या, श्रीफळ घ्या. तुमच्या विद्यार्थिदशेच्या दोन आठवणीही सांगा. पण भाषण तीनच्या आत संपवा; त्यानंतर लोकनृत्य आहे, बक्षिसं आहेत, आणि पोरांना गाडी पकडायची आहे.