उभ्या गाडीची बॅटरी कशी उतरवावी

इलेक्ट्रिक गाडी घेतलीत, अभिनंदन. ती चालवून बॅटरी कुणीही संपवेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असताना संपवायला मात्र अभ्यास लागतो. लिथियम-आयन बॅटरी मुळात फार चिकट. नुसती पडून राहिली तर महिन्याला दोन-तीन टक्क्यांवर काही सोडत नाही. म्हणजे कष्ट तुम्हालाच घ्यावे लागणार.

१. ॲप उघडत राहा. गाडी लॉक केली की थोड्या वेळाने तिचे कॉम्प्युटर झोपतात. झोपू द्यायचं नाही. रात्री पाणी प्यायला उठलात की टक्केवारी बघा. बऱ्याच गाड्यांना त्यासाठी जागं व्हावं लागतं. ती उठते, थोडी वीज खाते आणि वीज शाबूत असल्याचं तुम्हाला कळवते. ७४ चे ७३ झाले? जीव कासावीस होणारच, आम्ही समजू शकतो. दहा मिनिटांनी पुन्हा बघा. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ॲप असेल तर पाळ्या लावून घ्या. अमेरिकेतल्या मुलालाही पासवर्ड द्या, आपल्या रात्री तो जागाच असतो.

२. चावी गाडीपासून लांब नेऊ नका. तळमजल्यावर राहत असाल तर पार्किंगकडच्या खिडकीत खिळा ठोका. चावी जवळ आली की काही गाड्यांना वाटतं, मालक आले.

३. पहारा बसवा. टेस्लात यासाठी सेंट्री मोड आहे. कॅमेरे आणि कॉम्प्युटर रात्रंदिवस जागे राहतात आणि चोवीस तासांत पाच-सहा युनिटं जाऊ शकतात. एका युनिटात सहा-सात किलोमीटर धरा, म्हणजे रोज तीस-चाळीस किलोमीटरचा प्रवास, तोही जागेवरून न हलता. बदल्यात तुमच्या गाडीवर नजर ठेवणाऱ्या वॉचमनचं रात्रभराचं चित्रीकरण मिळतं. चार्ज २० टक्क्यांवर आला की हा पहारा आपोआप उठतो. कंपनीने इथे होतकरूंचा हिरमोड केला आहे.

४. नागपूरकरांनी मे महिना वाया घालवू नये. काही गाड्यांत आतलं तापमान ४० अंशांच्या आसपास रोखून धरायची सोय असते. तुम्ही उतरून गेल्यावरही तासन् तास एसी चालतो. स्टिअरिंगला बरं वाटतं.

५. धाकट्या बॅटरीवर लक्ष द्या. मोठी बॅटरी कायमची निकामी करण्याचा जमाना गेला. टेस्ला रोडस्टरच्या काही मालकांना ते जमल्याचं २०१२ साली अमेरिकेत उघड झालं होतं. गाडी उभी राहून राहून पूर्ण उतरली आणि नव्या बॅटरीचा खर्च निघाला सुमारे ४०,००० डॉलर. आताच्या गाड्या सहसा तिथवर जाऊच देत नाहीत.

पण निराश होऊ नका. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत १२ व्होल्टची एक साधी बॅटरीही असते. दाराची कुलपं, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिलेही तीच ओढते. गाडी बंद केली की ते रिले सुटतात. मग धाकटी उतरली, तर मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी ठप्प. कमी श्रमात एवढं यश दुसरीकडे नाही.

तेव्हा ॲक्सेसरीजच्या दुकानात जा. पार्किंगमध्येही चालणारा डॅशकॅम घ्या आणि फ्यूजबॉक्समधून कायमचा करंट ओढायला सांगा. जीपीएस ट्रॅकरही लावून घ्या, चोरीची भीती कुणाला नसते? मग तीन आठवडे लेकीकडे जाऊन या. काही गाड्या मोठीतून धाकटीला अधूनमधून वीज पाजतात. मोठी फारच खाली गेली की ही माया सहसा आटते, म्हणून आधीचे उपाय मन लावून करा.

६. मॅन्युअल उघडू नका. गाडी बरेच दिवस ठेवायची तर चार्ज मधल्या पातळीवर ठेवा, नको त्या सोयी बंद करा, असलं काहीबाही तिथे छापलेलं असतं. वाचलंत तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

७. आता निकाल. बॅगा घेऊन गाडीजवळ या आणि बटण दाबा. काही झालं नाही? उत्तम. चावीच्या पोटातली लोखंडी चावी काढा, ती असते हे आजच कळलं असेल. दार उघडा, बॉनेट उघडा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना हाक मारा. तेच, ज्यांना तुम्ही दिवाळीत पेट्रोलच्या भावावरून तासभर ऐकवलं होतं. त्यांची जुनी पेट्रोल गाडी शेजारी लावून घ्या आणि केबल जोडा. प्लस प्लसला लावा. मायनसची क्लिप मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी लावा, आता उघडायला हरकत नाही. काका विचारतील, ‘‘किती देते हो ही?’’ तुम्ही क्लिप घट्ट धरा.