बिनगॅसचे काका

वसुबारसेच्या आसपास आमच्या मजल्यावरचे काका जिन्यात दोन पिशव्या घेऊन भेटले की समजावं, यंदाच्या फराळात त्यांचाही एक आयटम आहे. एका पिशवीत मारी बिस्किटांचे पुडे, दुसरीत कंडेन्स्ड मिल्कचे डबे, आणि चेहऱ्यावर बँकेत कॅश टॅली झाल्यानंतरचं समाधान. "गॅस नाही, पाक नाही, तळण नाही. दहा मिनिटांत मिठाई! सोप्पंय हो, बायका उगाच बाऊ करतात."

शेवटचं वाक्य काकूंना ऐकू जाणार नाही, इतकं अंतर राखूनच ते म्हणतात.

असे काका प्रत्येक इमारतीत एकदोन तरी असतातच. नोकरीत असताना चहाचा कप ओट्यापर्यंत नेऊन ठेवला, की घरकामात हातभार लावल्याची त्यांची खात्री पटायची. निवृत्त झाल्यावर हातात मोबाइल आला, मोबाइलमध्ये व्हिडिओ आले, आणि स्वयंपाक म्हणजे शेवटी प्लॅनिंग, असा शोध त्यांना लागला. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला सांगा, दोनवर हिशेब चुकेल. पण मिठाई करतील. रोजच्या पोळीभाजीला कोणी वाहवा म्हणत नाही, हे त्यांना बरोबर कळतं.

आता ती दहा मिनिटं. ती कधीपासून मोजायची, ते काकाच ठरवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काकूंनी आदल्या रात्री किसून ठेवलेल्या असतात. साखर दळलेली, वेलची सोललेली, पिस्त्याचे काप सूनबाईंनी ऑफिसला जाता जाता करून दिलेले. हे सगळं वाट्यावाट्यांतून ओट्यावर मांडलं गेलं, की काका बाह्या सरसावतात आणि म्हणतात, "हं, लाव घड्याळ."

कृती खरंच सोपी आहे, नाही म्हणायचं कारण नाही. बिस्किटांचा बारीक चुरा, त्यात दोन चमचे कोको, आणि गोळा होईल इतपत कंडेन्स्ड मिल्क. तो गोळा बटर पेपरवर लाटायचा. त्यावर खोबरं, पिठीसाखर आणि लोण्याचं पांढरं सारण पसरायचं, अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि फ्रीझरमध्ये टाकायची. तासाभराने काप काढले की आत पांढरी चक्री दिसते. फ्रीझरमधले वर्षभराचे मटार, आलं-लसणाची पेस्ट आणि बर्फाचे ट्रे तोवर डायनिंग टेबलावर घाम गाळत बसलेले असतात. हा तास दहा मिनिटांत धरत नाहीत. ते काम फ्रीझरचं.

मागच्या दिवाळीत काकांनी रोलवर चॉकलेटचा थर द्यायचं ठरवलं. मी वाटी परत द्यायला गेले, तर गॅसवर पातेलं, पातेल्यात उकळतं पाणी आणि त्यावर चॉकलेटचं भांडं.

"काका, गॅस?"

"तो पाण्याखाली आहे. चॉकलेटला गॅस लागलेलाच नाही."

काकांचा दुसरा गुण म्हणजे माहिती. हात चिकट झाले की त्यांची वाणी मोकळी होते. "हे मारी बिस्किट १८७४ साली लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीनं काढलं. रशियाच्या राजकन्येचं लग्न होतं, मारिया तिचं नाव. सासू कोण? साक्षात व्हिक्टोरिया राणी!"

"मग त्या सुनेनं तरी अनारसे कुठे केले असतील," काकू शेजारच्या शेगडीवरून म्हणाल्या.

काकूंचे अनारसे हा या घरातला शीतयुद्धाचा विषय. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. मग ते कपड्यावर सुकवायचे, कुटायचे, चाळायचे. गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं. आणि इतकं करून खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडला, की हसेल की जाळी धरेल याची हमी कोणी देत नाही. काका त्या पिठाच्या डब्याकडे बघून "प्रोसेस फार लांब आहे तुझी," असं ऑडिटरच्या आवाजात म्हणतात. काकूंचं उत्तर ठरलेलं. "तुमचीही लांबच आहे. दूध कारखान्यानं आटवलं, बिस्किट भट्टीवाल्यानं भाजलं, कोकोच्या बिया कुठल्या परमुलखात भाजल्या देव जाणे. विस्तव सगळीकडे पेटलाय, तुम्ही तेवढे गार."

बिनगॅसचंच खायचं तर आपल्याकडे काय कमी आहे, असं मी एकदा सुचवून पाहिलं. दही रात्रभर टांगून पाणी निथळलं की चक्का, चक्क्यात साखर घोटली की श्रीखंड. खोबरं आणि खडीसाखरेची खिरापत. कूट आणि गुळाचे लाडू, त्यात दाणे भाजले तेवढाच काय तो विस्तव. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते आहेच हो. पण त्याचा व्हिडिओ कोण बघणार?"

पाहुण्यांसमोर बशी फिरते तेव्हा खरी परीक्षा. दिवाळी ऑक्टोबरात आली, की आमच्या हॉलमधला पंखा फक्त गरम हवा ढवळतो. कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून चॉकलेट तोंडात विरघळतं, हे काका कौतुकानं सांगत असतात आणि ते बशीतच विरघळू लागतं. "घ्या, घ्या, पटकन घ्या," म्हणत ते धावतात. मुलं मात्र एक काप शिल्लक ठेवत नाहीत. अनारशांचं मोठी माणसं तोंड भरून कौतुक करतात आणि अर्धा-अर्धा वाटून घेतात. काकू हे बघतात, काही बोलत नाहीत, आणि कोकोनं माखलेली परात, लाटणं, मिक्सरचं भांडं आणि ते दुमजली पातेलं घासायला घेतात. भांडी काकांच्या कृतीत कुठेच लिहिलेली नसतात.

परवा काका पुन्हा जिन्यात भेटले. हात रिकामे, पण डोळ्यांत चमक.

"तुळशीच्या लग्नाला पुरणपोळी. बिनगॅसची."

"पुरणपोळी?"

"सोप्पंय हो! पुरण तयार मिळतं, पोळ्याही तयार मिळतात. राहिलं काय?"

"तूप?"

"ते ही करेल."