पवित्र शास्त्रातील थकबाकी

नाताळ ओसरला, की आमच्या ख्रिस्ती समाजात जुनी दिनदर्शिका खिळ्यावरून उतरते आणि नवी चढते. आणि मेंढरांच्या नाहीतर सूर्योदयाच्या चित्राखाली, सोनेरी अक्षरांत, तिच्यावर जे वचन छापलेले असते ते बहुधा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे असते. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा आशयाचे हे वचन परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या टेबलावर, नव्या सदनिकेच्या दारावर, विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेवर आणि निवृत्तीच्या समारंभात शालीबरोबर अर्पण केलेल्या तसबिरीवर इतक्या निष्ठेने विराजमान झालेले आम्ही पाहिले आहे, की यिर्मया हा कोणा विमा कंपनीचा सहृदय प्रतिनिधी असावा असा नव्या पिढीचा समज झाल्यास तिला बोल लावता येणार नाही.

अकराव्या वचनावर इतके प्रेम करणाऱ्या समाजाने त्याच्या सख्ख्या शेजाऱ्याशी, म्हणजे दहाव्या वचनाशी, मात्र बोलणे टाकले आहे. दहाव्या वचनात मुदत दिलेली आहे, आणि ती सत्तर वर्षांची आहे. यरुशलेमेतून बाबेलास हद्दपार झालेल्या लोकांना यिर्मयाने जे पत्र धाडले त्यातला हा मजकूर. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात बंदिवान म्हणून आला आहात त्याच नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, आणि लवकर सुटका होईल असे सांगणाऱ्या तुमच्यातल्या संदेष्ट्यांचे ऐकू नका, असे त्यात बजावलेले होते. म्हणजे ज्यांना हे पत्र वाचून दाखवण्यात आले त्यांतील बहुतेक प्रौढांनी परमुलुखातच देह ठेवावा, अशी त्या हिताच्या संकल्पाची तपशीलवार अंमलबजावणी होती. दिनदर्शिकेचे आयुष्य एका वर्षाचे. तिच्यावर सत्तर वर्षांचा करार कोण छापणार?

त्या काळी सोयीचा उपदेशक उपलब्ध नव्हता, असेही नाही. सिद्कीया राजाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी गिबोनचा हनन्या मंदिरात उभा राहिला आणि याजकांसमोर व सर्व लोकांसमोर त्याने जाहीर केले, की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जोखड मोडेल, मंदिराची पात्रे परत येतील, हद्दपार झालेले लोकही परत येतील. यिर्मयाने यावर प्रथम काय म्हणावे? त्याने ‘आमेन’ म्हटले. प्रभू तसे करो, असेही म्हटले. कटू सत्य सांगणारा माणूस कटू स्वभावाचा असतो, हा समज सोयीच्या उपदेशकांनीच पसरवलेला आहे. यिर्मयाला हनन्याचे भाकीत खरे ठरलेले हवेच होते, फक्त ते खरे नव्हते. मग बाबेलच्या दास्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जोखड हनन्याने काढून मोडून टाकले, आणि त्या वेळी मंदिरात टाळ्या वाजवण्याची वहिवाट असती तर त्या खासच वाजल्या असत्या. लाकडाच्या ठिकाणी आता लोखंडाचे जोखड येईल, हा पुढचा निरोप घेऊन यिर्मया परत आला. हनन्या त्याच वर्षी वारला. इकडे बाबेलात शमाया नावाच्या गृहस्थाला सत्तर वर्षांचा आकडा इतका झोंबला, की त्याने यरुशलेमेच्या याजकाकडे लेखी तक्रार धाडली: असल्या वेड्या माणसाला खोड्यात घालणे हे आपले काम असताना आपण स्वस्थ का? पाळकाविरुद्ध वरिष्ठांकडे अर्ज करण्याची आमच्या मंडळ्यांतील परंपरा इतकी प्राचीन आहे. शमायाच्या बाजूने एवढे नमूद केले पाहिजे, की त्याने अर्ज आपल्या नावाने केला होता.

आता कोणी म्हणेल, की आजच्या मंडळीला गोड बोलणेच आवडते, कठोर उपदेश तिला सोसत नाही. हा आरोप आम्ही साफ नाकारतो. सिनेमा, दारू, तंबाखू, तरुण मुलींचे पोषाख, मूर्तिपूजक शेजारी आणि पलीकडच्या रस्त्यावरील दुसऱ्या पंथाचे चर्च यांवर कोणी तासभर आग ओकली, तर आमची मंडळी ती तृप्त मुद्रेने ऐकते आणि दाराशी पाळकाचा हात हातात घेऊन, आज फार आशीर्वाद मिळाला, असे सांगते. नरकाचे वर्णन आम्हाला प्रिय आहे. तेथे जाणाऱ्यांची यादी तेवढी ओळखीची पण परकी हवी. सोय ही गोडव्यात नसून दिशेत आहे. ज्या वचनापायी आमच्या खिशातून काही काढून द्यावे लागते, ते कितीही मृदू असले तरी गैरसोयीचे. आणि ज्याची वसुली दुसऱ्याकडून व्हायची आहे, ते कितीही भयंकर असले तरी सांत्वनदायक.

हा नियम ज्याने प्रथम चाकू हाती घेऊन सिद्ध केला तो यहूदाचा राजा यहोयाकीम. मिसरच्या फारोने त्याला गादीवर बसवले होते आणि त्या उपकाराच्या खंडणीसाठी त्याने देशावर पट्टी बसवली होती. अशा तंगीत माणूस काटकसर करतो. यहोयाकीमाने मोठ्या खिडक्यांचा, गंधसरूच्या तक्तपोशीचा, हिंगुळी रंग दिलेला प्रशस्त वाडा बांधायला काढला, आणि खर्चाची तोंडमिळवणी मजुरांना मजुरी न देऊन केली. यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात या वाड्याचा समाचार घेतला आहे. शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेणाऱ्याचा धिक्कार असो, असे त्यात राजाला तोंडावर सुनावले आहे. शिवाय त्याच्या बापाचा, योशीयाचा, दाखला दिला आहे, की तोही खातपीत होताच, पण गोरगरिबांचा न्याय करीत होता, आणि देवाला ओळखणे म्हणतात ते यालाच. ईश्वरज्ञानाची ही व्याख्या धर्मशास्त्राच्या पदवी परीक्षेत लिहिली तर किती गुण मिळतील याविषयी आम्ही साशंक आहोत.

पुढे, राजाच्या कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ६०४ च्या सुमारास, बारूख लेखकाने यिर्मयाच्या तोंडून लिहून घेतलेला पट राजासमोर वाचला जाऊ लागला. हिवाळा होता, राजा शेगडीपुढे बसला होता. तीनचार रकाने वाचून होत, की राजा लेखकाच्याच चाकूने तेवढा भाग कापी आणि विस्तवात टाकी, असे करता करता सबंध पट जळून गेला. तीन दरबाऱ्यांनी जाळू नका म्हणून विनंती केली, ती नामंजूर झाली. हा प्रकार धर्मद्रोहाचा नमुना म्हणून व्यासपीठावरून नेहमी सांगण्यात येतो, आणि सांगणारा मनोमन सुखावतो, कारण त्याने स्वतः कधी बायबल जाळलेले नसते. आमचे मत थोडे वेगळे आहे. यहोयाकीमाने जे कापले ते आधी ऐकले होते. आम्ही न ऐकताच कापतो, आणि कापल्याची खूण राहू नये म्हणून उरलेल्याला मखमली वेष्टण घालतो.

चाकूचे हे काम पुढे छापखान्याने अधिक सफाईने केले. १८०७ साली लंडनमध्ये, ब्रिटिश वेस्ट इंडिजमधील कृष्णवर्णीय गुलामांच्या उपयोगासाठी, पवित्र शास्त्रातील निवडक भागांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय आहेत. त्यांतले सुमारे २३२ या निवडीस पात्र ठरले. निर्गमाच्या पुस्तकातून दहा आज्ञा घेतल्या, पण प्रत्यक्ष निर्गम, म्हणजे गुलामांचे मिसरातून बाहेर पडणे, वगळले. माणूस चोरून विकणाऱ्यास देहदंड सांगणारा नियम गेला. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद नाही, हे गलतीकरांच्या पत्रातील वचन गेले. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे इफिसकरांच्या पत्रातील वचन अर्थातच राहिले. योसेफ गुलाम म्हणून विकला जातो आणि इमानेइतबारे सेवा करून मोठ्या पदास चढतो, ही कथाही राहिली. आणि गेलेल्या वचनांत, वाचकहो, यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायातील तेरावे वचनही होते: मजुरी न देता काम करून घेणाऱ्याचा धिक्कार करणारे. यहोयाकीमाला पट जाळूनही जे सर्वस्वी नष्ट करता आले नाही, ते सुमारे चोवीसशे वर्षांनी धर्मप्रसाराच्या इच्छेने पछाडलेल्या सज्जनांनी ऊसमळ्यांच्या मालकांच्या सोयीसाठी अलगद बाजूला ठेवले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला. गुलामगिरी मात्र चालू राहिली. देश आणि ग्रंथ दोन्ही एकाच मानाने सुधारत होते.

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी १८२० च्या सुमारास शुभवर्तमानांना पाते लावले ते खाजगीत. त्यांनी चमत्कार काढून टाकले, नीतिवचने ठेवली, आणि येशूच्या कबरेच्या तोंडाशी धोंड लावून ग्रंथ संपवला, पुनरुत्थान नाही. शेकडो गुलामांच्या धन्याला हे सोयीचेच होते. मृत गुरूची स्तुती करून मोकळे होता येते; जिवंत धनी मात्र हिशेब मागतो.

आम्ही मराठी ख्रिस्ती लोकांनी असा कापलेला ग्रंथ कधी छापला नाही, याचा आम्हास रास्त अभिमान आहे. उलट केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांशी झुंज घेऊन सबंध बायबल, अल्पशिक्षित बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठीत आणले, आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. एकही अध्याय त्यांनी गैरसोयीचा म्हणून वगळला नाही. ज्या विधवा आणि निराधार मुलींनी त्यांच्या छपराखाली आसरा घेतला होता, त्यांना त्या ग्रंथात स्वतःचा उल्लेख जागोजाग सापडला असेल, आणि तो उल्लेख बहुतेक ठिकाणी फिर्यादी म्हणून आहे.

ग्रंथ सबंध असल्यामुळे कापण्याचे काम आम्हाला वाचताना करावे लागते. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचे पहा. दहावे वचन आमच्या व्यासपीठावर अखंड गाजत असते: दशांश भांडारात आणा, म्हणजे आकाशकपाटे उघडतील आणि आशीर्वादाचा वर्षाव होईल. समृद्धीची सुवार्ता सांगणारे नवे उपदेशक या वचनाचा असा अर्थ लावतात, की देवाशी झालेला हा एक फायदेशीर तहनामा असून हजार टाकले की लाख परत येतात. आणि आमचे जुन्या वळणाचे पाळकही, मंडळीच्या इमारतीची दुरुस्ती निघाली, की या अर्थाला फारसा विरोध करीत नाहीत. त्याच अध्यायाचे पाचवे वचन मात्र आम्ही कोणत्याही अर्पणाच्या रविवारी वाचलेले ऐकले नाही. मजुराची मजुरी अडवणारे, विधवेला आणि पोरक्याला नाडणारे, परक्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहणार आहे, असे तेथे नमूद आहे. जादूटोणा करणारे आणि व्यभिचारी याच वचनात त्यांच्याच रांगेत बसवले आहेत, ही आमच्या दृष्टीने मोठीच अप्रतिष्ठा आहे; कारण जादूटोण्याविरुद्ध आम्ही शिबिरे भरवतो, पण चर्चची झाडलोट करणाऱ्या माणसाचे वेतन निधीअभावी थकले, आणि त्याच महिन्यात नवा ध्वनिक्षेपक आला, तर वार्षिक अहवालात ध्वनिक्षेपकाबद्दल देवाचे आभार मानतो.

घराघरांतून काय चालते ते सांगण्याचे प्रयोजन नाही. धुणेभांडी करणारी बाई चार दिवस तापाने पडली, तर तिचे खाडे कापून घेणारी आणि त्याच पैशातून रविवारी पाकिटात अर्पण घालणारी गृहिणी काही दुष्ट नसते. तिला आकाशकपाटांविषयी सांगितले गेले आहे, साक्षीदाराविषयी सांगितलेले नाही. सांगायचे कोणी, हा प्रश्न पाळकाच्या पगाराशी निगडित असल्यामुळे सध्या तहकूब आहे.

तो निकालात निघेपर्यंत आमची वाचकांस एवढीच विनंती, की येत्या रविवारी अर्पणाचे पाकीट बंद करण्यापूर्वी घरी येणाऱ्या बाईचा पगार चुकता करावा, कापलेले खाडे परत द्यावेत, आणि मग मलाखीचा तिसरा अध्याय पाचव्या वचनापासून मोठ्याने वाचावा. दहावे वचन पुढे आहेच.