लॅमिनेट केलेल्या हिमालयाचे शिल्पकार, आमचे दाजी यांस

कोल्हापूर

परमपूज्य दाजीसाहेब यांच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा शिरसाष्टांग दंडवत, विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, समोरासमोर बोलायची आमच्या घरात सोय नाही. आपण जावई. जावयाच्या बोलण्यावर ‘पण’ म्हणणं म्हणजे पंगतीत त्याच्या पुढचं ताट ओढण्यासारखं, असं आमच्या आईचं मत आहे. त्यामुळे परवा आपण उत्तर दिग्विजयाचा बेत जाहीर केलात तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. जोतिबाच्या पायऱ्या गुडघ्यांमुळे सोडून दिलेल्या आमच्या आत्यानंसुद्धा. मीही डोलावली. हे पत्र त्या मानेच्या वतीनं समजावं.

सर्वप्रथम आभार. शिमला, किन्नौर, स्पिती, मनाली, लेह, पँगाँग आणि नुब्रा हे सगळं सात दिवसांत, तेही स्वतः गाडी चालवत! यातलं एकेक खोरं बघायला लोक आठवडा घालवतात. बिचाऱ्यांना आपल्यासारखे दाजी लाभले नसणार.

खरं तर आपल्या बेताची पहिली आवृत्ती याहून भव्य होती. तीत आपली एमएच 09 थेट कोल्हापूरहून निघून लेहला हात लावून आठवड्यात परत येणार होती. इथून लेह एका बाजूनं अडीच हजार किलोमीटरच्या पुढेच. ‘पुणं तीन तासांत हाय, तसंच पुढं जायचं, निस्तं सरळ,’ असा आपण हिशेब मांडलात. पुणं तीन तासांत असायला त्या रस्त्याचं सहापदरीकरण आधी संपावं लागतं, हे बोलायची कुणाची छाती झाली नाही.

इतिहासाची आपल्याला गोडी, म्हणून पहिल्या आवृत्तीत जेवणाचा एक मुक्काम पानिपतला होता. सदाशिवरावभाऊ 1760 च्या मार्चमध्ये परतूरहून निघाले आणि दिल्ली हाती यायला ऑगस्ट उजाडला. आपण तो मुलूख दीड दिवसात मागं टाकणार होतात. त्यांच्याबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू फार होते, म्हणून वेळ लागला, असं आपण म्हणालात. आपल्याबरोबर आत्या, आई, अक्का, दोन भाचे आणि भडंगाचं पोतं असणार होतं, हे मी मनात म्हणालो.

पुढे अक्कानं काय मंत्र घातला कोण जाणे, आपण मोठ्या मनानं चंदीगडपर्यंत विमान मान्य केलंत. तिथून भाड्याची गाडी, चालक आपण स्वतः. ही दुसरी आवृत्ती. आणि हिच्यावर पुन्हा चर्चा नको म्हणून आपण ती बिंदू चौकातून लॅमिनेट करून आणलीत.

दाजी, या लॅमिनेशनबद्दल आपले किती आभार मानू? माझ्यासमोर आत्ता तो कागद आहे. वर डाव्या कोपऱ्यात गणपती, उजवीकडे आपला गॉगल घातलेला फोटो, मध्ये सात रकाने. प्रत्येक रकान्यात घड्याळाचे काटे पाच-पाच मिनिटांनी पुढे सरकतात. ‘हिक्कीम पोस्ट ऑफिस: 10 मि.’ ‘की गोंपा: 15 मि. (फोटोसह).’ अक्कानं कौतुकानं हळदकुंकू वाहिलं, त्याचं बोट तिसऱ्या दिवसावर उमटलंय. मी हळूच पेन घेऊन एक आकडा बदलून पाहिला. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. अंगठ्यानं पुसली की आपला आकडा पुन्हा तसाच लखलखीत! घटनादुरुस्तीची सोय बाबासाहेबांनीसुद्धा ठेवली होती.

हळदकुंकू नेमकं तिसऱ्या दिवसावर लागलं, ही देवीचीच योजना असावी. त्या दिवशी आपण काझाहून कुंझुम खिंड ओलांडून मनालीला उतरणार आहात. ही खिंड साडेचार हजार मीटरवर आहे. भाच्यांच्या शाळेला सुट्टी मे महिन्यात, आणि कुंझुम बर्फातून मोकळी होते बहुधा जूनमध्ये. म्हणजे आपल्या कागदावरचा रस्ता त्या दिवशी प्रत्यक्षात बर्फाखाली असण्याचीच शक्यता जास्त. आपण शब्द दिलाय म्हटल्यावर सरकार तो महिनाभर आधी मोकळा करीलच म्हणा.

समजा केला मोकळा. तरी बातल ते ग्राम्फू या टप्प्याला रस्ता म्हणण्याचा आपला उदारपणा वाखाणण्यासारखा आहे. तिथे दगडगोट्यांतून वाट काढायची असते आणि डोंगरावरून येणारे नाले थेट चाकांखालून वाहतात. बर्फ उन्हानं वितळतं, म्हणून हे नाले सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारनंतर फुगतात. तिकडचे चालक म्हणून अंधारात उठून निघतात. आपण मात्र ‘पोटभर नाश्ता करून 11 वाजता निघणे’ असं लिहिलंत. म्हणजे नाल्यांनाही तयारीला वेळ मिळेल. पाहुण्यांची अशी काळजी घ्यावी तर आपणच.

आता पहिल्या दिवसाबद्दल खास कृतज्ञता. सकाळी चंदीगड, उंची तीनशे मीटरच्या आसपास. रात्री मुक्काम चितकुल, उंची 3,450 मीटर. आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक कळसूबाई, 1,646 मीटर. एकावर एक दोन कळसूबाया ठेवल्या, तर जवळजवळ तेवढी चढाई आपण आत्याला एका दिवसात, बसल्या बसल्या घडवणार आहात. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज साधारण पाचशे मीटरहून जास्त उंच नेऊ नये आणि अधूनमधून एक दिवस नुसतं बसून काढावा, असं डॉक्टर लोक सांगतात. त्यांनी आपला कागद पाहिलेला नसतो.

हवा विरळ झाली की आधी डोकं दुखतं, मग उलटी होते, झोप उडते. तरीही माणूस वर चढत राहिला तर फुफ्फुसात नाहीतर मेंदूत पाणी साठू शकतं, आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. यावर आपली योजना कागदाच्या तळाशी आहे: ‘कापराची वडी हुंगणे. लसूण. मी हाय की.’ पहिल्या दोन औषधांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिसऱ्याची मात्रा किती घ्यायची एवढंच सांगावं. धाकट्या भाच्याला आंबा घाटात साखरप्याच्या आधीच उलटी होते आणि त्याचं डोकं दुखलं तरी तो ‘भूक लागली’ म्हणतो. त्याचं निदान कोण करणार, हा प्रश्न मी विचारणार नाही. जावयाला प्रश्न विचारत नाहीत.

पँगाँगच्या काठी मटण शिजवण्याचा आपला संकल्प मात्र ऐकून माझे डोळे पाणावले. ‘थ्री इडियट्स’ आल्यापासून अख्खा देश तिथे फोटो काढायला जातो. तांबडा-पांढरा करायला जाणारे आपण पहिलेच असाल. सामानाच्या यादीत दोन किलो कांदा-लसूण चटणी, सुकं खोबरं आणि ‘पितळी पातेलं, मोठं’ अशी नोंद आहे. तेवढं एक नम्रपणे सुचवतो. ते सरोवर सव्वाचार हजार मीटरवर आहे, आणि दर तीनशे मीटरला पाणी उकळायचं तापमान साधारण एक अंशानं उतरतं. पँगाँगला पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळ्या मारायला लागेल. पातेल्यात खळखळ दिसेल, वास दरवळेल, आणि बोकड रात्री दहालाही रबरासारखंच राहील. तिथे कुकर लागतो, दाजी. पांढऱ्या रश्श्याची आण घेऊन सांगतो, यात आपल्या कर्तबगारीचा काही दोष नाही. भौतिकशास्त्राला कोल्हापूरचं माहेरपण नाही, एवढंच.

भडंगाच्या बंद पिशव्याही वर गेल्यावर टम्म फुगतील. भाच्यांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर ते त्या फोडत बसतील आणि भडंग लेहपर्यंत पुरणार नाही.

मनाली ते लेह. सकाळी 5 ला निघून दुपारी 1 ला लेहला जेवण, असं आपण लिहिलंय. अटल बोगद्यामुळे 46 किलोमीटर वाचतात, हे आपण अचूक हेरलंत. उरलेल्या सव्वाचारशे किलोमीटरमध्ये बारालाचा खिंड आहे, गाटा लूप्सची 21 वळणं आहेत, लाचुलुंग आणि 5,328 मीटरवरची तांगलांग या आणखी दोन खिंडी आहेत, एवढं ते पुणे-कोल्हापूरपेक्षा वेगळं पडतं. शहाणी माणसं मध्ये जिस्पाला रात्र काढतात. गाडीसुद्धा दमते, कारण इंजिनालाही श्वास लागतो. ‘रिझर्व्हला लागली की बघू’ हे आपलं जीवनसूत्र तर मी आदर्श मानतो. पण तांडीच्या पंपाशेजारी पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी फोटोत काढली आहे, आणि आपल्या कागदावर तांडीला फक्त ‘चहा’ लिहिलंय.

दररोज रात्री लेहहून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल, हाही कार्यक्रम छान. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आपल्या तिन्ही सिमकार्डांना माझा नमस्कार सांगावा.

आता थोडं आपल्या तारुण्याविषयी. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील सरांच्या मागे आपण रस्त्यावर होतात, हे आम्ही अभिमानानं सांगतो. कोल्हापूरनं टोल घालवला. तो शहराच्या नाक्यांवरचा टोल होता, देशातला नव्हे. पण आपल्या अंदाजपत्रकात टोलपुढे शून्य आहे. असो. गंमत पुढेच आहे. लडाखच्या टॅक्सीवाल्यांचंही असंच एक आंदोलन आहे: बाहेरून भाड्यानं आणलेली गाडी पँगाँग-नुब्राकडे गेलेली त्यांना चालत नाही, वाटेत अडवतात. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी, त्यामुळे लपायलाही जागा नाही. गावचा धंदा गावाला राहावा ही त्यांची मागणी आपल्याइतकी कुणाला पटणार? तिथे उतरून आपण त्यांच्या बाजूनंच घोषणा द्याल, याची मला खात्री आहे.

खारदुंगला खिंडीतल्या फलकापुढे आपला फोटो व्हायलाच हवा, हे मात्र मनापासून. त्या फलकावर वर्षानुवर्षं 18,380 फूट असं लिहिलेलं होतं. नीट मोजणी झाली तेव्हा 17,582 निघाले. जवळपास आठशे फूट जास्तीचे. इतक्या दूर, इतक्या उंचीवर आपल्या स्वभावाचा फलक भेटावा, याचा आनंद शब्दांत मावत नाही.

शेवटी पदर पसरून एक मागणं. सात दिवसांत एकटं किन्नौर फार सुरेख होतं. चंदीगडहून नारकंड्याला एक रात्र, सांगल्याला दोन, कल्प्याला दोन, आणि निवांत परत. तिन्ही मुक्काम तीन हजार मीटरच्या आत. सांगल्याहून चितकुलला दिवसा जाऊन दिवसा परत यायचं. आत्या बास्पा नदीकाठी उन्हात बसेल, आपण गॉगल घालून फोटो काढाल. कल्प्याला तर सकाळी दार उघडलं की समोर किन्नर कैलास उभा. लेह कुठे पळून जात नाही. ‘असलं मऊ काय करायचं, पन्हाळ्यालाच जावा की,’ असं आपण म्हणाल हे मला ठाऊक आहे. पन्हाळ्याचंही मी बघून ठेवलंय.

आपल्या सारथ्याबद्दल कुणाच्या मनात किंतु नाही. आंबा घाट आपण रात्री धुक्यात उतरला आहात, हे आम्ही दर दिवाळीला ऐकतो. फक्त पहाडात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, आणि त्यासाठी उतरणाऱ्याला कधी कधी दरीच्या कडेनं गाडी मागं घ्यावी लागते. आपण आयुष्यात कधी मागं सरलेला माणूस नाही. घरासमोरच्या बोळातूनही गाडी मागं घ्यायला आपण शेजारच्या पोराला हाक मारता.

आता निकडीचं तेवढं सांगतो. गाडी भाड्यानं देणाऱ्यांनी चालकाचा मूळ परवाना मागितला आहे. अक्कानं कपाटातून आपला काढून दिला. त्याची मुदत संपून वर्ष उलटून गेलंय, त्यामुळे आता नुसतं नूतनीकरण होत नाही, आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागते. अर्ज मी भरून ठेवलाय, आपली सही आणि दोन फोटो हवेत, गॉगलशिवाय. साहेब गाडी मागं घेऊन दाखवायला सांगतात म्हणे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला आज्ञाधारक मेव्हणा
(लॅमिनेटेड कागदावरील हुद्दा: क्लिनर)